टाळ्या कोणाला, कौल कोणाचा?

फिडेल कॅस्ट्रो यांचे २५ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री हवाना येथे निधन झाले. ते वृत्त पसरताच मायामी शहरातील क्यूबन वस्तीत लोक मध्यरात्रीच रस्त्यावर आले आणि भांडी बडवून, गाणी म्हणून त्यांनी आनंद साजरा केला. समुद्राच्या एका पट्ट्यापलीकडे, हवानाच्या क्रांती चौकात, पुढचे काही दिवस अंत्यदर्शनासाठी लोकांच्या रांगा लागल्या होत्या. कॅस्ट्रो यांच्या अस्थी बेटाच्या दुसऱ्या टोकाला, सांतियागो शहराकडे नेल्या जात असता रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. भाषा एक, भूमी एक, पुष्कळदा कुटुंबही एकच. परंतु एका तीरावर नाच आणि दुसऱ्या तीरावर शोक असे ते दृश्य होते.

जगाचे लोकमतही कॅस्ट्रो यांच्याविषयी असेच दुभंगलेले राहिले. अमेरिकेसारख्या बलाढ्य सत्तेला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा नेता कोठेही उभा राहिला की, त्याच्याविषयीचे मत ताबडतोब दोन टोकांना जाते. एका पक्षाच्या दृष्टीने तो मुक्तिदाता ठरतो, दुसऱ्याच्या दृष्टीने निव्वळ जुलमी. या दोन्ही मतांत एक गल्लत असते. अशा नेत्यासाठी परदेशात जी टाळी वाजते, ती वस्तुतः महासत्तेच्या वर्तनाविरुद्धची साक्ष असते. त्या नेत्याच्या राज्यकारभाराचे ते प्रशस्तिपत्रक मानण्याचे कारण नाही. परंतु टाळ्यांच्या गजरात हा भेद विसरला जातो आणि त्याबरोबर एक साधा प्रश्नही विरून जातो. ज्या ‘नाही’ म्हणण्याच्या हक्कासाठी हा नेता जगाच्या आदरास पात्र ठरला, तो हक्क त्याने स्वतःच्या नागरिकांना दिला काय? कॅस्ट्रो यांच्या कारकीर्दीचा विचार या प्रश्नाला बगल देऊन करता येणार नाही. तसेच, अमेरिकेने त्या छोट्या देशाशी केलेले वर्तन विसरूनही तो करता येणार नाही.

जुने दुखणे

अमेरिका आणि क्यूबा यांचे भांडण १९५९ मध्ये सुरू झाले असे मानणे चूक आहे. १८९८ मध्ये स्पेनचा पराभव झाला, तेव्हा क्यूबातील देशभक्त तीस वर्षे अधूनमधून लढत आले होते. परंतु विजयाचे फळ अमेरिकेच्या पदरात पडले. १९०१ मध्ये क्यूबाच्या राज्यघटनेत अमेरिकेने आपल्या सोयीचे एक कलम घालावयास लावले. त्यान्वये क्यूबाच्या कारभारात हस्तक्षेप करण्याचा अधिकारच अमेरिकेस मिळाला. हे कलम १९३४ मध्ये रद्द झाले, पण १९०३ च्या कराराने घेतलेला ग्वांतानामोचा नाविक तळ अमेरिकेने सोडला नाही. त्या तळाच्या भाड्यापोटी वर्षाला ४,०८५ डॉलरचा धनादेश येत असे आणि कॅस्ट्रो यांचे सरकार पहिल्या वर्षाचा अपवाद सोडला तर तो वटवीत नसे. व्यवहाराच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक, परंतु एका राष्ट्राच्या मनात काय सलत होते ते तिच्यावरून कळून येते.

साखर हे क्यूबाचे जीवन होते आणि साखरेचा मुख्य ग्राहक अमेरिका होता. साखर कारखाने, वीज, टेलिफोन यांत अमेरिकन भांडवलाचा वाटा फार मोठा होता. १० मार्च १९५२ रोजी फुल्हेन्स्यो बातिस्ता या लष्करी नेत्याने निवडणुका तोंडावर आल्या असता सत्ता बळकावली, तेव्हा लोकशाहीचा कैवार घेणाऱ्या अमेरिकेने त्याला मान्यता देण्यास फार काळ लावला नाही. २६ जुलै १९५३ रोजी मोन्कादा बराकीवर हल्ला करणारे कॅस्ट्रो हे त्या रद्द झालेल्या निवडणुकीतील एक उमेदवार होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता पळून गेला, तेव्हा डोंगरातून उतरलेल्या या तरुण वकिलाचे स्वागत करणाऱ्यांत शेतमजुरांप्रमाणे मध्यमवर्गही होता, कारण घटनेची आणि निवडणुकांची पुनःस्थापना हे त्याचे आश्वासन होते.

पुढील दोन वर्षांत घटना झपाट्याने घडल्या. मे १९५९ मध्ये जमीनसुधारणेचा कायदा झाला आणि मोठ्या जमिनींवर त्याची कुऱ्हाड पडली. १९६० च्या उन्हाळ्यात सोविएत तेल शुद्ध करण्यास परदेशी कंपन्यांनी नकार दिला, म्हणून त्यांचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले. अमेरिकेने साखरेची खरेदी तोडली, क्यूबाने अमेरिकन मालमत्तेचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबर १९६० मध्ये निर्यातबंदी आली, जानेवारी १९६१ मध्ये राजनैतिक संबंध तुटले. प्रत्येक पावलाला प्रतिपाऊल पडत गेले आणि त्यातून क्यूबा सोविएत गोटाच्या अधिकाधिक जवळ गेला.

एक दुर्लक्षित पाहणी

या काळात क्यूबाच्या जनतेला काय वाटत होते? याचे उत्तर देणारा एक पुरावा उपलब्ध आहे आणि तो अमेरिकन संशोधकांनीच गोळा केलेला आहे. १९६० च्या एप्रिल-मे महिन्यांत प्रिन्स्टन येथील एका संशोधन संस्थेच्या वतीने क्यूबात लोकमताची पाहणी करण्यात आली. शहरी आणि निमशहरी भागांतील सुमारे एक हजार लोकांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांपैकी ८६ टक्के लोक राजवटीच्या बाजूचे आढळले. विरोधकांचे प्रमाण १० टक्के होते. खेड्यांतील जनता, जिला जमीनसुधारणेचा लाभ झाला होता, ती या पाहणीत आलीच नव्हती. ती आली असती तर पाठिंब्याचा आकडा आणखी चढला असता, असे मानण्यास जागा आहे.

अमेरिकन सरकारला ही वस्तुस्थिती ठाऊक नव्हती असे नाही. ६ एप्रिल १९६० रोजी परराष्ट्र खात्यातील लेस्टर मॅलरी या अधिकाऱ्याने लिहिलेले टिपण पुढे प्रसिद्ध झाले आहे. बहुसंख्य क्यूबन जनता कॅस्ट्रो यांच्या पाठीशी आहे आणि परिणामकारक असा राजकीय विरोध तेथे नाही, हे त्यात सरळ मान्य केलेले आहे. यावर उपाय कोणता, तर आर्थिक कोंडी करून पैसा आणि माल यांचा पुरवठा तोडावा, वेतने घटवावीत, भूक आणि वैफल्य निर्माण करावे, म्हणजे सरकार उलथेल. लोकमत आपल्या विरुद्ध आहे हे ओळखून ते उपासमारीने वळविण्याची ही योजना होती. लोकशाहीचे नाव घेणाऱ्या राष्ट्राच्या दप्तरात असा कागद सापडावा, यापरती टीका कोणी कॅस्ट्रोभक्तही करू शकणार नाही.

एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने शिकवून सज्ज केलेले सुमारे १,४०० क्यूबन निर्वासित डुकरांच्या उपसागरात उतरले. लोक उठाव करतील, ही या स्वारीमागची अपेक्षा होती. लोक उठले नाहीत; तीन दिवसांत आक्रमणाचा बोजवारा उडाला आणि बहुतेक सैनिक कैद झाले. वर्षभरापूर्वीच्या पाहणीकडे स्वारीचे बेत आखणाऱ्यांनी लक्ष दिले असते, तर ही नामुष्की टळली असती. त्यानंतर फेब्रुवारी १९६२ मध्ये व्यापारबंदी जवळजवळ संपूर्ण झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोविएत क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर जाऊन परत आले. १९७५ मध्ये अमेरिकन सिनेटच्याच चौकशी समितीने १९६० ते १९६५ या काळातील कॅस्ट्रो यांच्या हत्येचे किमान आठ कट उघडकीस आणले. त्यांत विष घातलेल्या सिगारपर्यंतच्या युक्त्या होत्या. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी क्यूबाचे प्रवासी विमान बाँबस्फोटाने पाडण्यात आले आणि ७३ माणसे मरण पावली. क्यूबाला वाटणारी धास्ती कल्पनेतली नव्हती, हे यावरून मान्य करावयास हवे.

जगानेही ते मान्य केले. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत व्यापारबंदीविरुद्धचा ठराव प्रथम आला, तेव्हा त्याच्या बाजूने ५९ मते पडली होती. २०१६ मध्ये त्याच ठरावाला १९१ मते मिळाली आणि विरोधात एकही पडले नाही. खुद्द अमेरिका त्या वर्षी तटस्थ राहिली. २०२४ मध्ये बाजूने १८७ आणि विरोधात केवळ दोन, अमेरिका आणि इस्रायल, अशी स्थिती होती. या मतदानाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत राजेशाह्या होत्या, भांडवलशाही देश होते, अमेरिकेचे युरोपीय मित्र होते. त्यांपैकी बहुतेकांना कॅस्ट्रो यांची राज्यपद्धती आपल्या देशात नको होती. त्यांनी कौल दिला तो एका बलाढ्य शेजाऱ्याने दुबळ्या शेजाऱ्याची पिढ्यान्‌पिढ्या कोंडी करण्याविरुद्ध.

भारतीय मनाचा ओढा

भारतातील सुशिक्षित वर्गाला कॅस्ट्रो यांच्याविषयी वाटत आलेली आपुलकी याच जातीची होती. सप्टेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अधिवेशनासाठी न्यूयॉर्कला आलेले कॅस्ट्रो हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील हॉटेलात उतरले होते, तेव्हा पंडित नेहरू तेथे जाऊन त्यांना भेटले. मार्च १९८३ मध्ये दिल्लीतील अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत त्यांनी इंदिरा गांधींना व्यासपीठावरच मिठी मारली, ते छायाचित्र अनेकांच्या स्मरणात आहे. सोविएत युनियन कोसळल्यावर क्यूबात अन्नाची टंचाई झाली, त्या वेळी भारतातील डाव्या पक्षांनी लोकांकडून धान्य गोळा करून क्यूबाला पाठविले होते.

पण या ओढ्याचे मूळ वेगळ्याच अनुभवात आहे. १९६५-६६ च्या अवर्षणात भारत अमेरिकन गव्हावर जगत होता आणि व्हिएतनाममधील बाँबवर्षावावर दिल्लीने केलेली टीका वॉशिंग्टनला रुचली नव्हती. अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची मंजुरी तुकड्यातुकड्यांनी, हात आखडता घेऊन द्यावयास सुरुवात केली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील घराघरांत रेशनच्या दुकानातला मिलो शिजला. त्या लाल भाकरीची चव ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना परावलंबन म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. डिसेंबर १९७१ मध्ये बांगला देशाचे युद्ध चालू असता ‘एंटरप्राइज’ ही अमेरिकन विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली, तेव्हाचा संतापही जुन्या पिढीला आठवत असेल. अशा देशातील शिक्षकाने किंवा कारकुनाने, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून नव्वद मैलांवर राहून तिला न जुमानणाऱ्या माणसाचे कौतुक केले, तर त्यात नवल नाही. ग्वाटेमालात १९५४ मध्ये आणि चिलीत १९७३ मध्ये लोकनियुक्त सरकारे उलथून पडण्यामागे अमेरिकेचा हात कसा होता, हे पाहिलेल्या लॅटिन अमेरिकेतील जनतेला तर कॅस्ट्रो यांच्या नुसत्या टिकून राहण्यातच विजय दिसत असे.

शिवाय त्यांच्या राजवटीच्या जमेला मोठ्या गोष्टी आहेत. क्यूबाचे डॉक्टर २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीरच्या थंडीत राहिले आणि २०१४ मध्ये इबोलाची साथ चालू असता पश्चिम आफ्रिकेत गेले. अंगोलात क्यूबन सैन्याने दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीला थोपविले, याचे ऋण मानण्यासाठी नेल्सन मंडेला १९९१ मध्ये स्वतः क्यूबाला गेले. हा तपशील पुसून कॅस्ट्रो यांना केवळ खलनायक म्हणून रंगविणे हा असत्यालाप होय.

साक्षरतेनंतरचा प्रश्न

या जमेच्या बाजूतील सर्वांत लखलखीत पान १९६१ च्या साक्षरता मोहिमेचे आहे. त्या वर्षी सुमारे एक लाख विद्यार्थी शाळा सोडून खेड्यांत व डोंगरांत गेले, शेतकऱ्यांच्या झोपड्यांत राहिले, दिवसा त्यांच्याबरोबर राबले आणि रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांना अक्षरे शिकविली. काही तरुण शिक्षकांना सरकारविरोधी टोळ्यांनी ठार मारले. वर्षअखेर सात लाखांवर प्रौढ लिहू-वाचू लागले. निरक्षरतेचे प्रमाण २३ टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. अभ्यासक्रम पुरा झाला याची खूण म्हणून प्रत्येक शिकाऊ माणसाने फिडेल कॅस्ट्रो यांना स्वहस्ते एक पत्र लिहावयाचे असे. ती पत्रे हवानाच्या संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहेत. जगातील कोणत्याही शिक्षकाचे मन भरून यावे अशी ही गोष्ट आहे.

तथापि, शिक्षकानेच विचारावा असा प्रश्नही येथूनच सुरू होतो. लिहावयास शिकलेल्या माणसाने पहिले पत्र कृतज्ञतेचे लिहिले. दुसरे पत्र तक्रारीचे लिहावयाचे झाले, तर ते कोणत्या वृत्तपत्रात छापून येणार होते? तोवर स्वतंत्र वृत्तपत्रे बंद झाली होती. वर्ष-दीड वर्षात घ्यावयाच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या आणि १९६० च्या मे दिनाच्या सभेत ‘निवडणुका कशाला?’ हीच घोषणा झाली. उबेर मातोस हा डोंगरातील लढ्यातला सहकारी. कम्युनिस्टांचा वाढता प्रभाव मान्य नाही म्हणून ऑक्टोबर १९५९ मध्ये त्याने राजीनामा दिला; त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्याने १९७९ पर्यंत पूर्ण भोगली. १९६५ ते १९६८ या काळात धार्मिक पंथांचे अनुयायी, समलिंगी व्यक्ती आणि ‘बेशिस्त’ ठरलेले तरुण सक्तीच्या श्रमछावण्यांत धाडले गेले. समलिंगी व्यक्तींवरील अन्यायाची जबाबदारी आपली होती, अशी कबुली खुद्द कॅस्ट्रो यांनी २०१० मध्ये दिली. १९७१ मध्ये कवी एबेर्तो पादिया यांस महिनाभर डांबून ठेवण्यात आले आणि सुटल्यावर लेखकांच्या सभेत त्यांच्याकडून आत्मनिंदा वदवून घेण्यात आली. तोपर्यंत क्रांतीचे चाहते असलेले सार्त्र, सिमॉन द बोव्हार, व्हार्गास योसा यांच्यासारखे लेखक त्या प्रकाराने अस्वस्थ होऊन जाहीर निषेधास पुढे आले.

आव्हान देण्याच्या बाण्यालाही एक दिशा होती. ऑगस्ट १९६८ मध्ये सोविएत रणगाडे प्रागमध्ये घुसले, तेव्हा एका छोट्या राष्ट्रावर बलाढ्य शेजाऱ्याने केलेल्या या आक्रमणाचे कॅस्ट्रो यांनी समर्थन केले. डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात सोविएत फौजा उतरल्या त्या वेळी अलिप्त राष्ट्रांचे अध्यक्षपद क्यूबाकडे होते. आमसभेतील निषेधाच्या ठरावाविरुद्ध क्यूबाने मत दिले. भारतही त्या वेळी तटस्थ राहिला, हे आपल्याला फारसे भूषणावह नाही. जो न्याय हवानाला लागू, तो प्राग आणि काबूल यांना लागू नाही, अशी भूमिका घेतली की साम्राज्यशाहीविरोध हे तत्त्व न राहता एका गोटाची बाजू होऊन बसते.

वेढ्याचा युक्तिवाद

यावर कॅस्ट्रो यांच्या समर्थकांचे एक उत्तर असते आणि ते गंभीरपणे घेण्याजोगे आहे. वेढा पडलेल्या किल्ल्यात सभास्वातंत्र्य नसते, शत्रू पैसे पेरत असताना विरोधी वृत्तपत्राला मोकळीक देणे म्हणजे दरवाजा उघडून देणे होय, असे ते म्हणतात. वेढा खरा होता हे वर आलेच आहे. तरीही या उत्तराने समाधान होत नाही आणि त्याचे कारण भारतीय वाचकाला इतरांपेक्षा लवकर पटावे.

जून १९७५ मध्ये भारतात आणीबाणी पुकारली गेली, तेव्हा हाच युक्तिवाद ऐकू आला होता. ‘परकीय हात’ हा त्या काळचा परवलीचा शब्द होता आणि चिलीचे आयेंदे यांचे उदाहरण दिले जात होते. ते उदाहरण खोटे नव्हते. आयेंदे यांचे सरकार खरोखरच उलथले गेले होते. परंतु त्या खऱ्या धोक्याचा आधार घेऊन गजाआड घातली गेली ती येथलीच माणसे. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याचा उच्चार केला आणि पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात जावे लागले. परकीय हाताशी दुर्गाबाईंचा काय संबंध होता? धोका खरा असू शकतो आणि त्याचा केलेला उपयोग खोटा असू शकतो, हे त्या एकवीस महिन्यांनी शिकविले. भारतात १९७७ च्या मार्चमध्ये मतपेटी उघडली, म्हणून तो धडा पुरा झाला. क्यूबात अपवादाची ती स्थिती हाच नियम होऊन बसला. याच भारताने १९६२, १९६५ आणि १९७१ अशी तीन युद्धे दहा वर्षांत पाहिली आणि तरीही १९६७ व १९७१ च्या निवडणुका वेळेवर किंवा वेळेआधी घेतल्या, हेही विसरू नये.

दुसरे असे की, वेढा घालणारा आणि वेढ्यात राज्य करणारा हे दोघे कालांतराने एकमेकांना उपयोगी पडू लागतात. दुकानात साबण नाही, औषध नाही, वीज नाही, याचे एकच उत्तर हवानाकडे तयार असे: अमेरिकन कोंडी. ते उत्तर बव्हंशी खरे असल्यामुळेच त्याच्या आड सरकारी शेतीचा गोंधळ, कारखान्यांची अकार्यक्षमता आणि नोकरशाहीचे दोष लपून राहिले. १९९२ व १९९६ च्या कायद्यांनी अमेरिकेने फास आवळला, तो हवानाच्या राज्यकर्त्यांच्या गळ्याला लागला नाही. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या सामान्य माणसाला मात्र तो लागला.

‘नाही’ची किंमत

आता पुन्हा १९६० च्या त्या पाहणीकडे वळणे आवश्यक आहे. तीमधील ८६ टक्क्यांचा आकडा विश्वासार्ह का वाटतो? कारण त्याच पाहणीत शंभरातील दहा माणसांनी अनोळखी मुलाखतकाराच्या तोंडावर ‘आम्ही या सरकारच्या विरुद्ध आहोत’ असे सांगितले. ज्या ठिकाणी ‘नाही’ म्हणता येते, त्याच ठिकाणी ‘होय’ला मोल असते. त्या पहिल्या वर्षात कॅस्ट्रो यांनी निवडणूक घेतली असती, तर ते प्रचंड बहुमताने निवडून आले असते. जिंकता येण्यासारखी निवडणूक टाळणे हा त्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठा प्रमाद होय, असेच म्हणावे लागते.

बेचाळीस वर्षांनी काय घडले, ते याच्याशेजारी ठेवून पाहावे. क्यूबाच्या घटनेप्रमाणे दहा हजार नागरिकांच्या सह्यांनी कायद्याचा प्रस्ताव मांडता येत होता. ओस्वाल्दो पाया यांनी या तरतुदीचा आधार घेऊन मे २००२ मध्ये अकरा हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज राष्ट्रीय विधिमंडळाला सादर केला. भाषणस्वातंत्र्य, मुक्त निवडणुका, राजबंद्यांची मुक्तता अशा त्याच्या मागण्या होत्या. शस्त्र नाही, परकीय सैन्य नाही. घटनेने दिलेल्या मार्गाने केलेला तो अर्ज होता. सरकारने त्यावर चर्चा केली नाही. त्याऐवजी समाजवादी व्यवस्था अपरिवर्तनीय ठरविणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी सह्यांची मोहीम निघाली आणि थोड्याच दिवसांत ऐंशी लाखांवर सह्या जमा झाल्या. मतदानाच्या वयाचे बहुतेक सगळे नागरिक त्यांत आले. पुढच्या मार्च महिन्यात ७५ विरोधक आणि पत्रकार पकडले गेले आणि त्यांना लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या; त्यांत पाया यांच्या अर्जासाठी झटलेले कार्यकर्ते पुष्कळ होते. ‘नाही’चे फळ तुरुंग असेल तर ऐंशी लाख ‘होय’ मिळून काय सिद्ध होते? १९६० च्या ८६ टक्क्यांनी जेवढे सिद्ध केले, तेवढेही नाही.

माणसाला तोंडाने मत देता येत नसेल, तर ते तो पायांनी देतो. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सव्वा लाख लोक निघून गेले. १९९४ मध्ये टायर आणि फळ्यांचे तराफे बांधून सुमारे पस्तीस हजार समुद्रात उतरले. ११ जुलै २०२१ रोजी अनेक शहरांत लोक रस्त्यावर आले. शेकडो लोकांना शिक्षा झाल्या. काहींच्या शिक्षा वीस वर्षांहून अधिक होत्या. त्यानंतरच्या स्थलांतराची लाट आधीच्या दोन्ही लाटांपेक्षा मोठी ठरली. २०१२ मध्ये एक कोटी बारा लाखांच्या घरात असलेली क्यूबाची लोकसंख्या २०२४ च्या अखेरीस, तेथील सरकारी आकड्यांप्रमाणेच, एक कोटीच्या खाली उतरली.

या इतिहासात एक प्रामाणिक पाहणी आणखी झाली आणि ती उद्बोधक आहे. १७ डिसेंबर २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा आणि राउल कॅस्ट्रो यांनी संबंध पूर्ववत करण्याची घोषणा केली. त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च २०१५ मध्ये, परदेशी वृत्तसंस्थांसाठी क्यूबात सरकारी परवानगीवाचून बाराशे लोकांच्या मुलाखती घेण्यात आल्या. संबंध सुधारणे देशाच्या हिताचे आहे, असे ९७ टक्के लोकांनी सांगितले. ओबामा यांच्याविषयी ८० टक्क्यांचे मत अनुकूल होते. फिडेल कॅस्ट्रो यांच्याविषयी ४४ टक्क्यांचे. ज्या देशाने आपल्याला उपाशी मारण्याचे बेत केले, त्या देशाच्या अध्यक्षाविषयी १९६० च्या त्या क्यूबनांच्या नातवंडांना एवढी आपुलकी वाटावी, हे पाहून हवानातील राज्यकर्त्यांनी विचारात पडावयास हवे होते. त्याहून अधिक विचारात वॉशिंग्टनने पडावयास हवे होते. पंचावन्न वर्षांच्या कोंडीने जे मन वळले नाही, ते हात पुढे करताच काही महिन्यांत वळले. परंतु २०१७ पासून अमेरिकेने पुन्हा जुनाच मार्ग धरला आणि मॅलरी यांच्या टिपणातील तर्क पुन्हा जिवंत झाला.

दोन प्रश्न

कॅस्ट्रो गेले, पण महासत्तेला आव्हान देणारे नेते पुढेही निर्माण होत राहतील, कारण महासत्तांची दंडेली संपलेली नाही. त्यांच्या नावाच्या घोषणा महाविद्यालयांच्या आवारांतही घुमतील. आव्हानाचे कौतुक करू नये असे कोणी म्हणणार नाही. दुबळ्याने बलवंतापुढे ताठ उभे राहणे यात जे तेज आहे ते नाकारणारा माणूस कोत्या मनाचाच म्हटला पाहिजे. मात्र घोषणा देण्यापूर्वी दोन प्रश्न वेगवेगळे विचारण्याची सवय सुजाण नागरिकाने लावून घ्यावी. महासत्ता या देशाशी न्यायाने वागते काय, हा पहिला. या देशातील साधा शिक्षक, कारकून, विद्यार्थी आपल्या नेत्याला उघडपणे ‘तुमचे चुकले’ असे सांगून रात्री आपल्या घरी झोपावयास जाऊ शकतो काय, हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर महासत्तेचा निषेध करावा आणि तो निःसंकोचपणे करावा. परंतु त्या निषेधाने दुसरा प्रश्न निकालात निघत नाही. क्यूबाच्या डोंगरात कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरविलेल्या त्या सात लाख माणसांना दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळण्याचा हक्क होता. एक उत्तर वॉशिंग्टनने नाकारले, दुसरे हवानाने.